मथुराकाकू स्मशानात गेल्या तेव्हा

मथुराकाकू सरपंच म्हणून निवडून आल्या त्या दिवशी गुलाल पडला तो त्यांच्या थोरल्या दिरांवर. हार दिरांच्या गळ्यात, पेढे दिरांच्या हातून, आणि जीपवर उभं राहून गावाला हात जोडणारेही दीरच. ज्यांच्या नावापुढचं बटण लोकांनी दाबलं होतं त्या काकू तेव्हा घरात आल्या-गेल्यांसाठी चहाचं आधण ठेवत होत्या.

मी त्या गावची ग्रामसेविका होते. गाव लातूर जिल्ह्यातलं, मुरुडच्या बाजाराला जाणारं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे माझ्या ओळखीची माणसं अजून राहतात आणि त्यांना रोज एकमेकांची तोंडं पाहायची आहेत. माझं माहेर हदगावचं, सासर नांदेडचं आणि नोकरी लातूरला, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य एसटीच्या खिडकीशी गेलं असं आमच्या घरात म्हणतात. ते फारसं खोटं नाही.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा उत्तमआबांपुढे, म्हणजे या थोरल्या दिरांपुढे, प्रश्न आला. गाव कितीतरी वर्षं त्यांच्या मुठीत होतं. घरात पदवीधर सून होती, पण ती फटाफट बोलणारी. म्हणून आबांनी तिला बाजूला ठेवून धाकट्या भावाच्या विधवेला, मथुराकाकूंना उभं केलं. ही बाई आपल्यासमोर तोंड उघडत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं, आणि ते खरंच होतं. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीने पदर कपाळापर्यंत ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या घरातली रीत. दिरानेही तिच्या अंगाला चुकून हात लागू द्यायचा नाही, ती दारात उभी असेल तर आधी खाकरायचं. काकूंनी लग्न झाल्यापासून ही रीत पाळली होती.

आता अशा दोन माणसांनी मिळून ग्रामपंचायत चालवायची म्हणजे काय होतं, ते मी भोगलं आहे. आबा सदस्य म्हणून समोरच्या खुर्चीवर, काकू सरपंचाच्या खुर्चीवर, मध्ये एक टेबल. आबा म्हणायचे, "मॅडम, सरपंचांना सांगा, हितं सही करा मनावं." मी काकूंकडे वळायचे. काकू पदराआडून म्हणायच्या, "मॅडम, त्यांना सांगा, वाचून करते." मी पुन्हा आबांकडे वळायचे. दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू येत असायचं, तरी मी मधल्या टपालवाल्यासारखी दोन्हीकडे मान वळवत बसायचे. पहिले काही महिने मला हसू यायचं. पुढे मानेचं दुखणं झालं.

काकू चौथी शिकलेल्या. वाचायच्या हळू, ओठ हलवत, पण वाचल्याशिवाय सही करायच्या नाहीत. बसल्या की कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढायचा आणि सुपारी कातरत राहायचं, खायची मात्र क्वचित. कातरलेली सुपारी जो समोर असेल त्याच्या हातावर. आणि त्यांची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. कुणी काही तक्रार, मागणी, आरोप केला की त्या पुरतं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून एकदा सांगा." आवाज न चढवता, खरोखर ऐकायचं असल्यासारखं. माणूस पुन्हा सांगायला लागला की त्यातलं निम्मं गळून पडायचं. खोटं बोलणारा तर दुसऱ्या वेळी पाणीच प्यायला मागायचा.

एकदा ग्रामसभेत नवीन गाळ्यांचा विषय होता. मेहबूब नावाचा मोटारी दुरुस्त करणारा माणूस, त्याने एक गाळा मागितला होता. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की गावचे गाळे गावच्या माणसाला द्या, बाहेरच्यांना कशाला. मेहबूबला बाहेरचा कशासाठी म्हटलं ते सगळ्यांना कळलं. तो खाली मान घालून बसला. काकूंनी सुपारी कातरणं थांबवलं आणि अजून एकदा सांगायला लावलं. गृहस्थांनी पुन्हा सांगितलं, जरा हळू. काकू म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याच्या लग्नात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या मेहबूबच्या आज्यानं पेटवल्या हुत्या. तुमी कवा आलाव गावात?" ते गृहस्थ घरजावई होते. सभा खदाखदा हसली, आणि हसता हसता गाळा मंजूर झाला. मला वाटतं त्या दिवशी आबांना पहिल्यांदा कळलं की आपण पदराकडे पाहून माणूस निवडला, डोक्याकडे पाहिलंच नाही.

काकूंनी स्वतःहून माझ्याकडे मागितलेली गोष्ट एकच. पहिल्याच महिन्यात, ऑफिसात कुणी नसताना त्यांनी विचारलं, स्मशानात पत्र्याची शेड करता येते का. मी म्हटलं, येते, त्यासाठी निधी असतो. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान गेले तेव्हा झड लागली होती. लाकडं ओली, वरून पाऊस, टायर टाकले तरी चिता धरेना. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे काकूंनी काही पाहिलं नव्हतं. पण परत आलेल्या पुरुषांचं कुजबुजणं त्यांनी न्हाणीच्या भिंतीआडून ऐकलं होतं. जे ऐकलं ते त्यांनी मला पुरतं सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भिजत जळाला माणूस."

शेडसाठी त्यांनी लातूरला इतक्या खेपा घातल्या की पंचायत समितीतला शिपाई त्यांना पाहून आपोआप खुर्ची पुढे करायचा. आबांनी हे सगळं होऊ दिलं, कारण शेड झाली की नाव त्यांचंच होणार होतं. काम सुरू झालं तेव्हा काकू गवंड्याला खोदून खोदून विचारायच्या, वारा कुठून येतो, ओटा किती उंच, पाणी कुठे जाईल. कधीही न पाहिलेल्या जागेचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. शेड पुरी झाल्यावर त्यांनी ती स्वतःच्या शेताच्या बांधावरून, लांबून पाहिली. लाल पत्रा दिसतो म्हणाल्या, आणि समाधानाने सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला थोडं सावरून बसावं लागतं. शेड सरकारी पैशातून झालेली, गावठाणाच्या जागेवर, सगळ्या गावासाठी. कागदावर हे इतकं सरळ होतं की त्यावर कुणी बोलायचीही गरज पडली नाही. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीची प्रेतं पूर्वीपासून ओढ्याच्या काठाला जाळत. तिथे ना ओटा ना छप्पर. शेड झाली तरी ते तिकडेच जात राहिले, आणि गाव मनाशी धरून चाललं की हे असंच राहणार.

भाद्रपदात झड लागली आणि ओढा काठाबाहेर आला. वस्तीतल्या गिरजाबाई गेल्या तेव्हा त्यांची जाळायची जागा पाण्याखाली होती. त्यांचा मुलगा सुभाष सकाळी ग्रामपंचायतीत आला. तो मुरुडला एका दुकानात हिशेबनीस होता, बोलायला नेमका. भिजलेला, डोळे लाल, पण आवाज ताठ. म्हणाला, "काकू, आईला शेडमदी नेणार हाव. सांगाया आलोय, विचाराया न्हाई."

काकू म्हणाल्या, "ने."

तो गेल्यावर घटकाभरात आबा आले. काकूंना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळणार अशी बोलणी त्या दिवसांत चालू होती. तालुक्याच्या पुढाऱ्यांना काकू आवडल्या होत्या, आणि काकूंनाही ते हवं होतं. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नव्हतं. जिल्ह्यात गेलं तर अजून चार गावांत शेड होतील, मुलींच्या शाळेची वाट होईल, असं त्या बोलायच्या. आबांनी मला सांगायला लावलं की असल्या भानगडीत पडाल तर तिकीट गेलं समजा. आबा पाठ फिरवतात तोच पुढाऱ्यांचाही फोन आला. ते गोड बोलले. आजचा दिवस त्या लोकांना शेजारच्या गावी पाठवा, गाडीची सोय मी करतो, पुढे सगळं शांतपणे बघू. मी इकडे तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला, तर साहेबांनी सामंजस्याने मिटवा असा सल्ला देऊन फोन ठेवला. सामंजस्य म्हणजे काय हे ज्याच्या दारात प्रेत आहे त्याला विचारावं.

काकूंनी पुढाऱ्यांचं ऐकून घेतलं. त्यांना अजून एकदा सांगा असं म्हणाल्या नाहीत. फोन मला परत देताना बोलल्या, "गाडीची सोय करतो मनले. जित्तेपणी कुणाला गाडी न्हाई दिली."

तेवढ्यात निरोप आला की शेडपुढे माणसं उभी आहेत आणि गिरजाबाईंची तिरडी पावसात खाली ठेवलेली आहे.

काकू उठल्या. छत्री घेतली, पदर डोक्यावरून नीट केला आणि निघाल्या. मला वाटलं त्या विसाव्यापर्यंत जातील. विसावा म्हणजे गाव आणि स्मशान यांच्या मधली जागा, तिथे तिरडी घटकाभर खाली ठेवतात, खांदे बदलतात, आणि सोबत आलेल्या बायका तिथून माघारी फिरतात. त्या गावात कुठलीच बाई विसाव्याच्या पुढे गेलेली नव्हती. काकू विसाव्याशी थांबल्या नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं की बायांनी पुढं यायचं नसतं. त्या चालत राहिल्या. मी त्यांच्या मागे, चप्पल चिखलात रुतत होती म्हणून हातात घेऊन.

शेडपुढे आबा आणि भावकीतले पंधरा-वीस जण छत्र्या धरून उभे होते. वस्तीतली माणसं समोर, डोक्यावर पोती घेतलेली. मध्ये प्लास्टिकच्या कागदाखाली गिरजाबाई. काकू दोन्हींच्या मधून गेल्या आणि शेडच्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्या जागेकडे त्यांनी एकदा वर, पत्र्याकडे, पाहून घेतलं. इतक्या खेपा घालून केलेली वस्तू त्या पहिल्यांदा जवळून बघत होत्या.

आबा माझ्याकडे वळले. "मॅडम, सरपंचांना सांगा, घरी जावा मनावं."

मी सवयीने काकूंकडे वळले. तेव्हा काकूंनी पदर कपाळावर तसाच ठेवून मान वर केली आणि आबांकडे थेट पाहिलं.

"आबा, माझ्याशी बोला."

भावकीतले लोक एकमेकांकडे पाहायला लागले. आबांच्या तोंडावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. भर चौकात धोतर सुटल्यासारखं त्यांचं झालं होतं. तरी ते बोलले, तिच्याकडे न पाहता. इथं आपले वाडवडील जळाले, इथं त्यांना नाही.

"अजून एकदा सांगा," काकू म्हणाल्या. "गिरजाबाईचं नाव घेऊन सांगा. तुमच्या आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. दोन महिने तिनं..."

"काकू, ते नका सांगू." हे सुभाष म्हणाला. "आईनं कुणाचं काय केलं, त्याच्यावर न्हाई हे. न केलं असतं तरी शेड गावाची हाय, आन् आमी गावातले हाव."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या सरपंच, सगळ्यांसमोर बोलत असताना एका पोराने त्यांना अडवलं होतं. दुसरं कुणी असतं तर तिथेच बिनसलं असतं. त्या म्हणाल्या, "बराबर हाय तुजं. माजं चुकलं." मग आबांना म्हणाल्या, "नवरा भिजत जळाला मनून ही शेड बांधली. आता कुणीच भिजत जळणार न्हाई हितं. ज्याला अडवायचंय त्यानं आदी मला हितून उठवावं."

आता तिला उठवणार कोण? थोरल्या दिराने भावजयीच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि दीर समोर असताना दुसऱ्या कुणी त्या घरच्या बाईला हात लावणं म्हणजे दिराचीच अब्रू घालवणं. ज्या रीतीच्या भरवशावर आबांनी तिला खुर्चीत बसवलं होतं, त्याच रीतीने त्यांचे हात बांधले. ते बराच वेळ उभे राहिले. मग वळले आणि निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचे एकेक करून, छत्र्या खाली घेत.

सुभाषने आईला शेडखाली आणलं. चिता नीट धरेपर्यंत काकू पायरीवरून हलल्या नाहीत. मीही त्यांच्याजवळ उभी होते. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटत होता. माझ्या नोकरीत मी पुष्कळ पुढारी पाहिले. मंचावर समतेची भाषा करणारे पाहिले आणि खाली उतरून दुसरीच करणारेही. ही बाई समता हा शब्द कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तिकीट गेलं. ते आबांच्या मुलाला मिळालं. महिना-दोन महिन्यांत अविश्वास ठराव आला, आणि काकूंनी स्वतः वाचून, ओठ हलवत, त्यावर पोच दिली. मतं त्यांच्या बाजूने अगदी थोडी पडली. खुर्ची सोडताना त्यांनी टेबलावर पडलेले सुपारीचे तुकडे गोळा केले आणि घरी गेल्या. पुढचे हाल जास्त होते. त्यांचा मुलगा बालाजी, तो शेती बघायचा. सोयाबीन काढणीला आलं आणि मळणीयंत्रवाल्याने त्याच्या रानात यायला नकार दिला. नातीचं ठरत आलेलं लग्न लांबलं. बालाजी वाईट नव्हता, पण तो भावकीत वाढलेला, भावकीशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता. तो आईवर चिडायचा, माझ्यासमोरसुद्धा. तुला काय पडलं होतं, असं विचारायचा. काकू सुपारी कातरत राहायच्या.

माझी बदली झाली, पुढे निवृत्त होऊन मी नांदेडला आले. फोन चालू राहिले, अधूनमधून जाऊनही यायचे. अशाच एका भेटीत मी विचारलं, शेड आता सगळे वापरतात ना. मला वाटलं त्या हो म्हणतील. काकूंनी वेगळंच सांगितलं. त्या दिवसापासून गावातल्या एकाही घराने शेडमध्ये प्रेत नेलं नव्हतं. सगळे आपापल्या शेतात जाळायला लागले होते, पाऊस असो की ऊन. शेड वस्तीचीच झाली होती.

"शेड सगळ्यांची झालीच न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "नुसता मालक बदलला."

मी म्हटलं, तरी तुम्ही जे केलं ते थोडं नाही. त्यांना ते पटलं नाही. अर्धं काम टाकून उठल्यासारखं त्यांना वाटत होतं. मग त्या बालाजीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माजी पाळी आली की मला शेडमदी न्यायचं. शेतात न्हाई." बालाजी दारात बैलाचं दावं वळत होता. त्याने मान वर केली नाही आणि हो-नाही काही म्हटलं नाही. सगळं त्याच्यावर होतं. आपण गेल्यावर आपलं प्रेत कुठे न्यायचं हे आपल्या हातात नसतं, एवढं काकूंनाही कळत होतं.

काकू गेल्याचा फोन बालाजीच्या बायकोने केला. मी नांदेडहून पहिली मिळेल ती गाडी धरली, लातूरला बदलली, आणि गावात पोचले तेव्हा तिरडी अंगणात बांधून झाली होती. भावकी सगळी आलेली. आबा आता काठीवर आले होते. बोलण्यावरून कळलं की लाकडं शेतात नेऊन रचली आहेत. आबांनी सकाळीच माणसं पाठवली होती. मी बालाजीकडे पाहिलं. त्याच्या हातात विस्तवाचं मडकं होतं आणि डोळे जमिनीकडे. काय विचारणार त्याला?

ऊन होतं त्या दिवशी, चक्क. विसाव्याशी तिरडी खाली ठेवली. तिथून एक वाट डावीकडे शेताला जाते आणि एक सरळ शेडला. मागे चालणाऱ्या आम्ही बायका तिथे थांबलो. आबांनी काठीने डावीकडे खूण केली. खांदेकरी जागा बदलून वाकले.

बालाजी सरळ वाटेने चालायला लागला.

चार-पाच पावलं गेल्यावर त्याला कळलं असावं की मागे कुणी येत नाही. तो थांबला, पण वळला नाही. पाठ आमच्याकडे, हातात मडकं, त्यातून धूर. वाकलेल्यांपैकी पुढच्या दोघांनी आबांकडे पाहिलं आणि दांड्यावरचे हात काढून घेतले. दोघे हात तसेच ठेवून राहिले, मागच्या बाजूचे, बालाजीचे चुलतभाऊ. पुढची बाजू मोकळी.

वस्तीतली माणसं बरीच मागे, रस्त्याच्या कडेने आली होती. त्यांतून सुभाष पुढे आला. त्याचे केस पिकले होते. त्याच्यामागून त्याचा धाकटा भाऊ. सुभाष तिरडीजवळ थांबला आणि बालाजीच्या पाठीकडे बघून म्हणाला, "बालाजी, उचलू का?"

बालाजी वळला. त्याचं तोंड भिजलेलं होतं. "उचल," तो म्हणाला.

आबा काठी टेकून उभेच होते. सुभाष आणि त्याचा भाऊ वाकले. मागच्या दोघांपेक्षा ते दोघे उंच, त्यामुळे उचलताना तिरडी मागे जराशी कलली. मागच्यांनी दांडे हातावर तोलून वर घेतले, ती सरळ झाली, आणि शेडच्या वाटेला लागली.